मावशीची पावती

माझ्या सख्ख्या मावशीला मी फसवलं. बँकेत या प्रकाराला मिससेलिंग म्हणतात. तो शब्द इतका गुळगुळीत आहे की बैठकीत उच्चारताना कोणाचा आवाज जरासुद्धा खाली जात नाही. मीही तो कित्येकदा उच्चारला आहे, प्रशिक्षणात, चहा घेता घेता, सहकाऱ्यांच्या थट्टेत. पण मी जे केलं त्याला साध्या मराठीत फसवणं म्हणतात. आणि ज्या शब्दाच्या आडोशाने केलं तो आमच्याकडचा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. पावती.

आमच्या भागात मुदत ठेवीला कोणी मुदत ठेव म्हणत नाही. लोक पावती म्हणतात. पावती करायची, पावती मोडायची, पोरीच्या लग्नाला पावती ठेवलेली असते. पूर्वी बँक छापील कागद द्यायची, त्यावरून हे नाव पडलं असावं. या एका शब्दात लोकांना हवं ते सगळं येतं: पैसा बँकेत आहे, व्याज ठरलेलं आहे आणि गरज पडली तर मोडता येते. विमा कंपनीही पहिला हप्ता घेतला की एक कागद देते आणि त्याच्या माथ्यावर छापलेलं असतं, ‘पहिल्या हप्त्याची पावती’. त्यामुळे मी मावशीला पावती देतो म्हणालो तेव्हा शब्दशः खोटं बोललो नव्हतो. हे मी स्वतःला किती दिवस सांगत होतो ते आठवलं की आजही मान खाली जाते.

मावशी नंदुरबारजवळच्या कोरीटच्या पलीकडे एका गावात राहते. तिला मूलबाळ नाही. काका फार लवकर गेले आणि तेव्हापासून ती दिराच्या घरात पुढच्या खोलीत राहत आली. दीर वाईट माणूस नाही, पण घर त्याचं. मावशीला चुलीवर चहा ठेवायचा असला तरी आधी जावेची भांडी आवरेपर्यंत थांबावं लागायचं. लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडे जायचो, तेव्हा ती मला जवळ घेऊन सांगायची की एक दिवस मन्ह्या दोन खोल्या व्हतीन, मंग तू तथाच उतरशी. माझ्या आईच्या माघारी मला आईसारखं कोणी असेल तर ती होती.

रस्ता रुंद करायला तिच्या वाट्याच्या शेताचा एक पट्टा गेला आणि मोबदला तिच्या खात्यात आला, तेव्हा मी नंदुरबारच्या शाखेत होतो. ज्या गावात मोबदला येतो त्या गावाची यादी बँकेत सगळ्यात आधी वाचली जाते. आमचे शाखाधिकारी बाहेरगावचे होते, बोलायला मिठ्ठास. सकाळच्या बैठकीत त्यांनी यादी वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, की तुझ्या मावशीचं गाव ना हे, आमच्या नातेवाइकांचा रस्ता कोणी रुंदच करत नाही. सगळे हसले. मीही हसलो.

त्या तिमाहीत आमच्या शाखेचं विम्याचं उद्दिष्ट भरलं नव्हतं. बँक ज्या विमा कंपनीच्या योजना विकायची ती बँकेशीच संबंधित होती, आणि उद्दिष्टाची बातमी वरून यायची तेव्हा त्यात ग्राहक हा शब्द कुठेच नसायचा. ज्यांचं भरेल त्यांना परदेशाची सहल होती. मला सहल नको होती. मला फक्त नंदुरबारमध्ये राहायचं होतं. मुलगी बारावीला होती आणि ज्यांचं उद्दिष्ट भरत नाही त्यांच्या बदल्या होतात, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. मी हे कारण म्हणून लिहीत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी ते केलं हे कळावं, म्हणून लिहितो.

मी गेलो तेव्हा मावशीने कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला आणि जेवण होईपर्यंत पैशाचा विषय काढू दिला नाही. मग तिने स्वतःच काढला. तिचा हिशोब सरळ होता. गावठाणातल्या तिच्या तुकड्याची मोजणी व्हायची होती, त्याला सालभर लागणार होतं.

“एक सालनी पावती कर भाऊ,” ती म्हणाली. “मोजनी व्हयनी का दोन खोल्या टाकसू.”

“हाई पावतीच शे मावशी,” मी म्हणालो. “जरा मोठी शे, येवढंच.”

ती योजना दरवर्षी हप्ता भरायची होती. एकरकमी भरायच्या योजना आमच्याकडे होत्या, पण त्यात शाखेच्या नावावर फारसं काही पडत नाही. हप्त्याच्या योजनेत पडतं. दुसरा हप्ता भरला नाही, तर पहिल्या हप्त्यातलं हातात काही येत नाही. मावशीकडे दुसरा हप्ता कधीच येणार नव्हता, कारण रस्ता काही दरवर्षी रुंद होत नाही. हे सगळं मला तिथे, त्या ओसरीत, ताटातला ठेचा संपायच्या आत माहीत होतं. उत्पन्नाच्या रकान्यात मी शेतीचं उत्पन्न म्हणून एक आकडा माझ्या मनाने लिहिला. मावशीने खाली मन लावून सही केली. ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकली होती आणि सही करताना ओठ मिटून घ्यायची.

मग फोन आला. विमा विकल्यावर कंपनी ग्राहकाला फोन करून विचारते की तुम्हाला सगळं समजलं आहे ना, आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित होतं. नियम चांगला आहे. तो करणाऱ्याच्या डोळ्यासमोर माझ्या मावशीसारखीच कोणीतरी बाई असणार. फक्त त्याला हे सुचलं नसेल, की विकणारा माणूस तिच्या शेजारी बाजेवर बसलेला असेल. फोनवरची मुलगी पुस्तकी मराठीत भराभर बोलत होती. आपण ही योजना दीर्घ मुदतीसाठी घेत आहात, दरवर्षी हप्ता भरणे आवश्यक आहे, हे आपणास समजावून सांगण्यात आले आहे का? मावशी अहिराणी बोलते. शाळेतलं मराठी तिला कीर्तनात कळतं, फोनवर कळत नाही. ती डॉक्टरसमोर बसल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली.

“हा म्हन,” मी हळूच सांगितलं.

ती हा म्हणाली. मुलीने सांगितलं की कृपया हो किंवा नाही असं म्हणा. मावशी हो म्हणाली. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ती आधी माझ्याकडे बघायची, मी पुटपुटायचो आणि ती हो म्हणायची. फोन ठेवल्यावर तिने कौतुकाने सांगितलं, की कशी गोड बोले ती पोर, पन काय इचारे ते काही समजनं नही. मी म्हणालो, ते तसंच ऱ्हास.

पॉलिसीचं जाड पुस्तक आलं तेव्हा ते मीच नेऊन दिलं. ते हातात पडल्यावर ठरावीक दिवसांत परत करता येतं आणि पैसे परत मिळतात. हेही नियमात आहे आणि हेही मी सांगितलं नाही. मावशीने पुस्तक हातावर तोललं आणि जावेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “येवढी जाड पावती? मंग व्याज बी जाडंच भेटी.” जाऊ आतून हसली. त्या दिवशी त्या घरात मावशीचा आवाज जरा मोठा झाला होता.

सालभराने ती शाखेत आली. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. मोजणी झाली होती. गवंडी येऊन चुन्याने दोन खोल्यांची आखणी करून गेला होता. पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि नव्या जोडप्याला पुढची खोली लागणार होती, तेव्हा घाईही होती. ती माझ्या टेबलासमोर बसली आणि पावती मोडायची आहे म्हणाली. मी तिला सांगितलं की दुसरा हप्ता भरायची वेळ झाली आहे.

तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. “पावतीले कधी हप्ता ऱ्हास का रे?” ती म्हणाली, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईकडे बघून हसली.

मी बघतो, साहेबांशी बोलतो, असं काहीतरी सांगून तिला पाठवून दिलं. साहेब म्हणाले की आता काही होत नाही, आणि ते खरं होतं. मी मावशीचे फोन घेणं कमी केलं. शेवटी गावातल्या एका शिक्षकांनी तिला तक्रार लिहून दिली. त्या तक्रारीत माझं नाव नव्हतं. ‘बँकेच्या माणसाने’ एवढंच होतं. शिक्षकांनी विचारलं असणार, आणि मावशीने सांगितलं नसणार.

कागदोपत्रीही माझं नाव नव्हतं. विमा विकायला वेगळा परवाना लागतो. माझ्या परवान्याची मुदत संपली होती, म्हणून ती विक्री बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याच्या क्रमांकावर टाकलेली होती. असं सर्रास चालायचं. चौकशीला क्षेत्रीय कार्यालयातून जे अधिकारी आले ते विदर्भातले, सरळ आणि कामसू गृहस्थ होते. त्यांना मावशीची अहिराणी कळेना. दुभाषा म्हणून कोणाला बसवायचं असा प्रश्न आला आणि शाखाधिकारी मला म्हणाले, तूच बस, तिला तूच सांभाळशील. त्यांना सगळं माहीत होतं. ज्याने विकलं त्यालाच तक्रारीचा दुभाषा म्हणून बसवलं, आणि चौकशीच्या कागदावर एक ओळ होती, की चौकशी करणाऱ्याचा या विक्रीशी संबंध नाही. अधिकाऱ्यांनी तिथे प्रामाणिकपणे खूण केली. त्यांचा संबंध नव्हताच.

मावशीने मला तिथे बघितलं, पण नातं दाखवलं नाही. भाऊ म्हणाली, पण आमच्याकडे कोणीही कोणालाही भाऊ म्हणतं.

अधिकाऱ्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. आपलाच आवाज यंत्रातून येतो आहे म्हटल्यावर मावशी आधी लाजली. तिने पदर तोंडाला लावला. मग ती ऐकत गेली. हो. हो. हो. दरवर्षी हप्ता भरावा लागेल हे समजलं का, हो. तिचाच आवाज तिच्याविरुद्ध साक्ष देत होता आणि ते तिला हळूहळू कळत होतं. पदर खाली आला. अधिकाऱ्यांनी एका जागी थांबवून पुन्हा मागे घेतलं. तिच्या प्रत्येक होच्या आधी मागून एक पुरुषी पुटपुट येत होती. शब्द कळत नव्हते.

त्यांनी मला सांगितलं, की विचारा, हा मागचा आवाज कोणाचा आहे, बँकेचं कोणी शेजारी बसलं होतं का?

त्या प्रश्नावर सगळं अवलंबून होतं. बँकेचा माणूस शेजारी बसून उत्तरं सांगत होता असं सिद्ध झालं असतं, तर पैसे परत द्यावे लागले असते. ते मलाही माहीत होतं आणि अधिकाऱ्यांनाही. म्हणून तर ते थांबले होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

“मावशी,” मी म्हणालो, “साहेब इचारी ऱ्हायनात, तो मांगला आवाज कोना शे?”

तिने माझ्याकडे बघितलं. फोनच्या वेळी बघितलं होतं तसं नाही. त्या वेळी ती उत्तर मागत होती. आता ती मला काहीतरी देत होती आणि मी घेतो का ते बघत होती.

“मन्हा देरना,” ती म्हणाली. “तो घरमा व्हता.”

फोनच्या दिवशी दीर केळीच्या बागेत होता. मी येताना तो मला बांधावर भेटला होता.

“दिरांचा आहे म्हणतात,” मी अधिकाऱ्यांना सांगितलं. “ते घरात होते.”

त्यांनी लिहून घेतलं. ग्राहकाने कुटुंबीयाच्या उपस्थितीत संमती दिली, असं काहीतरी. मावशीने खाली ओठ मिटून सही केली. जाताना तिने माझ्या मुलीची चौकशी केली, बारावीला किती पडले म्हणून.

पुढच्याच तिमाहीत माझी बदली झाली. शहाद्याला. बायको तोवर मुलीच्या कॉलेजसाठी तिच्याबरोबर नाशिकला गेली होती. मी शहाद्याला लागूनच असलेल्या लोणखेड्याला एक खोली घेतली. आजूबाजूला कॉलेजची मुलं, गाड्या, गाणी. संध्याकाळी डबा येतो, तो खाल्ला की बोलायला कोणी नसतं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की पुरुषोत्तमनगरच्या बाजूने मळीचा वास येतो. त्या वासात कपडे वाळतात, मी घड्या घालतो. काम मी चोख करत राहिलो. काउंटरवर कोणी पावती म्हणाला की मी दोनदा विचारतो, कोणती पावती, आणि लोकांना वाटतं हा माणूस फार काटेकोर आहे.

मावशीच्या गावाला जाणं मी थांबवलं. पुतण्याच्या लग्नाचा आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवला आणि ऑडिट आहे म्हणून कळवलं. नातेवाइकांना माझ्या नोकरीचा अभिमान होता. त्यांना वाटलं, मोठा साहेब झाला, वेळ नसतो. रागवायला कोणी नव्हतं, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. ज्या एका बाईला ठाऊक होतं ती रागवत नव्हती.

दर उन्हाळ्यात मावशी बिबड्या पाठवायची. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून ओल्या कापडावर हाताने पातळ थापायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. मला लहानपणापासून आवडतात. त्या सगळ्या प्रकारानंतरही तिने पाठवल्या, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, जुन्या साडीच्या कापडात बांधून. मी डबा भरून कपाटावर ठेवला. तळून खायची हिंमत झाली नाही, टाकून द्यायचीही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. दुसरा डबा.

यंदा आल्या नाहीत. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग वाटलं की तिने अखेर मला टाकलं, बरं झालं. पण तिच्या गावचा एक माणूस कर्जाच्या कामाला शाखेत आला होता, त्याच्याकडे मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. तो म्हणाला, म्हातारी कुठं घालणार बिबड्या, तिले जागा शे का? पुढची खोली पुतण्याला गेली. अंगणात त्याचा ट्रॅक्टर उभा असतो. मावशी मागे गोठ्याला लागून पत्र्याच्या आडोशात राहते. माझ्यासाठी बिबड्या वाळवायला तिच्याकडे चार हात ऊन उरलं नव्हतं.

तो माणूस गेल्यावर मी ग्राहकांना टोकन देत राहिलो. त्या आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली, एक बँकेला आणि एक विमा लोकपालांच्या कार्यालयाला. ध्वनिमुद्रणातला मागचा आवाज माझा आहे, विक्री मी केली आहे, आणि चौकशीत खोटं उत्तर मिळालं तेव्हा दुभाषाही मीच होतो. शाखेतला एक जुना मित्र म्हणाला, की ती पॉलिसी केव्हाच बंद पडली, आता कशाला स्वतःची नोकरी घालवतोस. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून तसं म्हणाला. बँकेने खुलासा मागवला आहे. पैशाचं काय होईल ते मला माहीत नाही. उशीर फार झाला आहे आणि उशीर मी केला आहे.

रात्री बायकोला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, पगाराचं विचारेल. तिने विचारलं, “आधी मावशींना सांगितलंत का?”

मी सांगितलं नव्हतं. बँकेला सांगितलं, लोकपालांना सांगितलं, साहेबांच्या मराठीत, मुद्दे पाडून. जिचं होतं तिलाच सोडून.

रविवारी गेलो. गावठाणातली ती आखणी वाटेतच लागते. चुना केव्हाच वाहून गेला आहे, पण गवंड्याने कोपऱ्यांना रोवलेले दगड तसेच आहेत आणि मध्ये गवत. मावशी गोठ्याजवळ मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मला बघून तिने हात पदराला पुसले, बाज आडवी केली, म्हणाली, ये भाऊ, बठ. मुलगी कशी आहे, सूनबाई कशी आहे, तिकडे पाण्याची सोय आहे का. मी उत्तरं देत होतो. शाखेतल्या भाषेत काहीतरी जुळवून आणलं होतं, ते तोंडाशी येत नव्हतं.

मग तीच म्हणाली, “औंदा बिबड्या धाडता उन्यात नही. राग नको धरू भाऊ.”

मी बाजेवरून उतरून खाली, मिरच्यांच्या ढिगाजवळ बसलो. तिचे पाय धरले. ती पाय मागे घ्यायला लागली, अरे काय करी ऱ्हायना, कोनी देखी.

“मावशी, ती पावती नव्हती,” मी म्हणालो. “माले तवयच माहीत व्हतं. फोनमा मीच व्हतू, आनी साहेबसमोर बी मी गप बसनू. तू मन्हासाठे खोटं बोलनी, मी ते बोलू दिनं. माले माफ कर.”